इमारतीखालची बैठक

उन्हाळी सुट्टीत आम्ही अब्बांना घेऊन भावाकडे सिंगापूरला गेलो होतो. बागा पाहिल्या, मशिदी पाहिल्या. पण मनात घर करून राहिली ती इमारतीखालची मोकळी जागा.

तेथील बहुतेक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. हे मंडळ १९६० साली स्थापन झाले. त्याच्या अनेक इमारतींचा तळमजला खांबांवर मोकळाच ठेवलेला असतो. तिथे बाके असतात, टेबलावर बुद्धिबळाचा पट असतो. आज तिथे मलय मुस्लिमांच्या लग्नाची जेवणावळ, तर उद्या चिनी कुटुंबाचा अंत्यविधी. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाची किती घरे असावीत याची मर्यादा ठरली आहे, म्हणून शेजारही मिश्र!

अब्बा रोज असरनंतर खाली जाऊन बसत. भाषा येत नसताना एका चिनी आजोबांशी त्यांची गट्टी जमली.

बदलापूरला परतलो आणि अब्बा पुन्हा खिडकीपाशी बसले. आमच्या इमारतीलाही खांब आहेत. पण खाली गाड्या उभ्या असतात. अंबरनाथ-उल्हासनगरच्या नव्या इमारतींतही हेच दिसते. दाटीचे कारण सांगावे, तर सिंगापूर साडेसातशे चौरस किलोमीटरही भरत नाही आणि लोक साठ लाखांच्या घरात!

शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तो अदा करायला आधी शेजारी भेटला तर पाहिजे. सोसायटीच्या बैठकीत आम्ही बाकांसाठी दोन गाड्यांची जागा मागितली आहे. पहिली गाडी आमचीच हलेल.