पडणं वयाच्या माथी मारू नका

"आजी मोरीत पडली." नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात पावसाळ्याच्या दिवसांत असं काही कानावर आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "वय झालं ना!" या तीन शब्दांत चौकशी संपते. मोरीत शेवाळ होतं का, रात्री दिवा होता का, बीपीची गोळी नुकतीच बदलली होती का, हे कोणी विचारत नाही. मग तीच आजी तिथेच पुन्हा पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि या मृतांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. तरीही आपल्या घराघरांत या विषयावर गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज: म्हातारपणी माणूस पडणारच.

वस्तुस्थिती: पासष्टीच्या पुढच्या साधारण दर तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. म्हणजे उरलेले दोघे त्याच वयात असूनही पडत नाहीत. पडण्यामागे मांड्यांतली ताकद कमी होणं, मोतीबिंदू, पायांना बधिरपणा आणणारा मधुमेह, गुंगी आणणारी औषधं, ओली फरशी, सैल चप्पल अशी कारणं असतात. बहुतेक वेळा दोन-तीन कारणं एकत्र येतात. त्यातलं एक जरी दूर झालं तरी धोका घटतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीच्या पुढच्या महिलांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू लवकर काढला, त्यांचं पडण्याचं प्रमाण थांबून राहिलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं ही समजूतही म्हणूनच सोडायला हवी.

गैरसमज: धोका बाहेर, रस्त्यावर, घरात काय होणार?

वस्तुस्थिती: म्हातारी माणसं बहुतांशी ओळखीच्या जागेतच पडतात. आपल्याकडे छपरीतून आत जाताना उंबरठा लागतो. अंगणाच्या टोकाला संडास असतो आणि तिथवरच्या वाटेवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. नव्या घरात गुळगुळीत टाइल्स आल्या, पण मोरीतही त्याच बसवल्या गेल्या. दाराशी जुन्या साडीचं पायपुसणं असतं, ते पायाखालून सरकतं. नऊवारीचा किंवा धोतराचा सोगा पायात येतो.

हे दुरुस्त करायला फार पैसे लागत नाहीत. मोरीच्या आणि संडासच्या भिंतीत हाताला धरायला पक्का लोखंडी दांडा बसवावा. नळाची तोटी किंवा टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. फरशी खरबरीत ठेवावी, शेवाळ घासून काढावं, उंबरठ्याला ठळक रंग द्यावा. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा जळता ठेवावा आणि वीज गेली तर म्हणून उशाशी बॅटरी असावी. घरातल्या अशा धोक्यांवरचे अभ्यास कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये एकत्र तपासले. दुरुस्तीनंतर पडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं होतं. आधीच पडलेल्या किंवा जास्त धोका असलेल्या ज्येष्ठांत ते ३८ टक्क्यांनी घटलं.

गैरसमज: एकदा पडल्यावर बसून राहिलेलं बरं.

वस्तुस्थिती: हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि तोच सर्वांत जास्त नुकसान करतो. "आजी, तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो" असं महिनाभर चाललं की मांड्यांचे स्नायू वाळतात, तोल सांभाळायची सवय मोडते, मनात भीती बसते. मग पुढचं पडणं अधिक जवळ येतं. ज्या बाईने जन्मभर बांधीत वाकून धानाची रोवणी केली, तिचं शरीर हालचालीवरच टिकलेलं असतं.

२०१९ मध्ये कॉक्रेनने २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांवरच्या १०८ चाचण्या एकत्र पाहिल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्यात तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम महत्त्वाचे ठरले. नुसतं चालणं पुरत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं, हे घरी जमतं. सुरुवातीला शेजारी कोणीतरी असावं. आधीच पडलेल्यांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून सुरू करावं.

गैरसमज: चक्कर म्हणजे अशक्तपणा, सलाईन लावलं की झालं.

वस्तुस्थिती: बाजेवरून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा अनेकदा रक्तदाब अचानक खाली आलेला असतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याची दखल घ्यायलाच हवी. त्यासाठी आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजायला सांगावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी पितात. त्यात बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या असल्या की चक्कर ठरलेलीच.

उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडून मिनिटभर बसावं, मग उभं राहावं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. मनाने मात्र एकही बंद करू नये.

गैरसमज: काठी धरली की माणूस म्हातारा झाला.

वस्तुस्थिती: काठी माणसाला बाजारात, देवळात, शेजारी जाऊ देते. ती मापाची हवी. ताठ उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. खाली रबरी टोपण असावं. एक पाय दुखरा असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. अनेक जण उलट धरतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. अर्ज सुरू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावं.

गैरसमज: आधी हाडवैदाकडून मालिश करून बघू.

वस्तुस्थिती: पडल्यावर उभं राहता येत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता असते. ओढू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा. अशी शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी लागते, कारण अंथरुणावर खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया आणि शय्याव्रण गाठतात. "या वयात ऑपरेशन नको" म्हणून थांबणं हाच मोठा धोका आहे. नागपूरची मेडिकल, मेयो आणि एम्स ही सरकारी रुग्णालयं मौद्यापासून एका दिवसाच्या आतच गाठता येतात. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्यावं.

बरीच म्हातारी माणसं पडल्याचं सांगतच नाहीत. सांगितलं तर पोरं शेतावर जाऊ देणार नाहीत, ही त्यांना भीती असते. म्हणून आपण विचारायचं, आणि रागावून नाही. "कुठे पडलात? पायात काय होतं? उठताना अंधारी आली का?" उत्तर मिळालं की मोरीतला दांडा, नवा चष्मा किंवा बदललेली गोळी, यांतलं काय लागतं ते कळतं. वय कमी करता येत नाही, पण ही कामं याच आठवड्यात होण्यासारखी आहेत.