काँट्रातला धबधबा
मांडव्याला आमच्या घरी काँट्राची कॅसेट आली ती मुंबईहून, लाँचने, मामाच्या पिशवीतून. कोनामी या जपानी कंपनीने 1987 साली आर्केडसाठी काढलेला हा खेळ. धावायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. एक गोळी लागली की जीव गेला. कुठे चुकलो ते तिथल्या तिथे कळतं, म्हणूनच पुन्हा खेळावंसं वाटतं.

मला सगळ्यात आवडतो तो धबधबा. तिथे पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार खालच्या कडेला मरतो. ताई ओरडायची, "थांब रे, मला वर येऊ दे!"

फाकणाऱ्या गोळ्यांचं 'एस' कुणी घ्यायचं, यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. मेलं की ते हत्यार जातं, त्यामुळे कमी मरणाऱ्यालाच ते द्यावं, हे माझं मत आजही कायम आहे.