आखूड शॉकअप, बुटकी गाडी

मागचे शॉकअप आखूड करणे हा मोटारसायकलची उंची कमी करण्याचा रुळलेला मार्ग आहे. पाय जमिनीला नीट पुरत नसले की सिग्नलवर, चढावर किंवा खडीवर गाडी सावरणे अवघड जाते. ही गरज कारखान्यांनीही ओळखली; हार्ली-डेव्हिडसनची स्पोर्टस्टर ‘हगर’ मुद्दाम आखूड सस्पेन्शन आणि पातळ सीट देऊन बुटकी केलेली होती.

रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी उंच आहे आणि तिच्या दोन चाकांच्या आसांमध्ये १३९० मिमी अंतर आहे. मागचा भाग आसापाशी २५ मिमी उतरवला, तरी सीट तेवढी उतरत नाही. गाडी पुढच्या आसाभोवती मागे कलते आणि चालक मागच्या आसाच्या बराच पुढे बसतो, म्हणून पदरात सुमारे पाऊण भागच पडतो. लिंकेज असलेल्या मोनोशॉक गाड्यांत उलट अनुभव येतो: शॉकअपमधला थोडासा बदल चाकापाशी दुपटीहून मोठा होतो.

खरी किंमत मोजावी लागते ती हालचालीत. शॉकअप पूर्ण दाबल्यावर त्याची लांबी मूळच्यापेक्षा कमी होता कामा नये, नाहीतर टायर मडगार्डला घासतो. म्हणजे लांबी जितकी कमी, तितकी खड्डा पचवण्याची जागा कमी. उरलेल्या जागेत तेच वजन पेलायला स्प्रिंग कडक लागते आणि तिला आवरणारे डॅम्पिंगही त्या प्रमाणात बदलावे लागते. योग्य मापाचा तयार शॉकअप बसवणे किंवा जाणकाराकडून आत स्पेसर टाकून त्याचे उघडणे मर्यादित करणे, हे दोन मार्ग त्यामुळे विश्वासाचे. स्प्रिंगचे वेढे कापणे घातक आहे. कापलेले टोक सपाट बसत नाही. दाबाखाली नायट्रोजन भरलेला शॉकअप साध्या गॅरेजमध्ये उघडणे तर जिवावर बेतू शकते.

फक्त मागची बाजू उतरवली की पुढचा फोर्क अधिक तिरपा होतो. क्लासिकच्या मापांवर २५ मिमीला हा बदल जवळजवळ एक अंशाचा असतो. गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण वळायला जड होते. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची बाजूही उतरवता येते. मात्र फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड किंवा चाक वर कुठे आपटत नाही, हे तपासावेच लागते.

बाकीच्या गोष्टीही हलतात. साइड स्टँड लांब पडून गाडी जास्त उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उलट बाजूला कोसळू शकते. डबल स्टँडवर चढवायला जोर जास्त लागतो, हेडलाइटचा झोत वर जातो, चेनचा ताण नव्याने बसवावा लागतो. गतिरोधकावर पोट घासते, वळणावर फूटरेस्ट लवकर टेकतो.

म्हणून आधी सीट पाहावी. फोम कमी करणे किंवा कंपनीची बुटकी सीट बसवणे यात सस्पेन्शनला हातच लागत नाही. हिमालयन ४५० ची सीट तर ८२५ आणि ८४५ मिमी अशा दोन उंचींवर बसते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शॉकअपला हात लावण्यापूर्वी आरटीओत विचारून घेणे आवश्यक आहे.