टिळकांच्या घरातले ठोंबरे

1907 साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटल्या आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. एवढी गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते. आम्हा खानदेशातल्या ख्रिस्ती माणसांना मात्र तिचा पुढचा भाग अधिक जवळचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा या पोरावर जीव जडला आणि नगरचं टिळकांचं घर ठोंबऱ्यांचंही घर झालं.

आमच्या मंडळीत टिळकांची भजनं पेटी-ढोलकीवर म्हणतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ती पाठ होती, पण ज्या घरात ती लिहिली गेली त्या घराची ओळख मला फार उशिरा, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून झाली. त्या पुस्तकाने माझ्या विश्वासाला वळण लावलं असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

टिळकांचं परिवर्तन सगळ्यांना सांगता येतं, कारण त्याला सुरुवात आहे आणि तारीख आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साक्ष द्यायला उभं राहिलं की आपल्यालाही असंच काहीतरी सांगावंसं वाटतं: अमुक दिवशी देव भेटला आणि मी बदललो. माझ्याकडे असा दिवस नाही. पुष्कळ वर्षं याची मला खंत होती.

ती खंत लक्ष्मीबाईंनी घालवली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांची चूल निराळी, पाणी निराळं, सोवळं कायम. मग हळूहळू, कुणी वादात हरवलं म्हणून नाही, तर स्वतःच्याच विचाराने त्यांना उमगलं की जाती माणसांनी केल्या, देवाने नाहीत. आजपासून कुणाच्याही हातचं खायचं. तो निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा. 1900 मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आतलं पुष्कळसं काम उरकलेलं होतं. आत्मिक वाढ म्हणतात ती इथे माठापाशी आणि ताटापाशी झाली. मला हे आगगाडीतल्या भेटीपेक्षा मोठं वाटतं. कदाचित मी घरातच वाढलेला विश्वासू आहे, म्हणूनही असेल.

ठोंबरे त्यानंतर कित्येक वर्षांनी या घरात आले. हळवे, पटकन दुखावणारे, मनाने कायम अस्वस्थ. टिळक पती-पत्नींनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. ते हिंदू म्हणूनच आले, राहिले, जेवले, रुसले, आणि त्यांच्यावरची माया कमी झाली नाही. आमच्यापैकी कितीजणांना हे जमतं? घरी आलेल्या माणसावर जीव लावताना मनाच्या कोपऱ्यात ‘हा कधीतरी आपल्यात येईल’ अशी आशा असते, आणि तो येणार नाही हे कळलं की आपला हात आखडतो. माझा आखडलेला मला आठवतो. येशूने जेवायला बसताना कुणाकडून आधी कबुली घेतली नव्हती, हे शुभवर्तमानात दर वर्षी वाचूनही ते हातात उतरायला वेळ लागतो.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. मंडळीतल्या अनेकांना ते पटलं नसणार. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या माणसाकडून दुसरं काय व्हायचं होतं, असं म्हणता येईल. पण मला वाटतं, या दरबाराचं बरंचसं शिक्षण त्यांना घरातच मिळालं असावं. ज्या घरात ठोंबरे पानावर बसत होते, तिथे दाराशी बाप्तिस्म्याचा दाखला विचारणं त्यांना कसं जमलं असतं?

5 मे 1918, रविवार. जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून ठोंबरे गेले. सत्तावीस वर्षांचं वय. मेमधलं आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला त्या रुळांची कल्पना येईल. वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकही मुंबईत वारले. देवाच्या दरबाराला त्यांच्यामागे तसा जोर राहिला नाही.

टिळक आणि ठोंबरे गेले त्याच काळात जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याची कवयित्री बहिणाबाई शेतात राबत, जात्यावर बसून ओव्या रचत होती. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. याच विनोबांनी नंतर ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केलं. खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला आपली भक्ती परक्या मुलखातून आणावी लागत नाही, ती अशा शेजारात वाढते.

टिळकांच्या मागे राहिलं होतं ‘ख्रिस्तायन’, ओवीतलं ख्रिस्तचरित्र. त्यांच्या हातून सुरुवातीचेच अध्याय झाले होते. केळीचं मुख्य झाड कापलं तरी बुडाशी वाढलेलं पिल पुढचा घड देतं, तशी लक्ष्मीबाईंनी ती ओवी पुढे नेली. अक्षरओळखही ज्यांना लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, त्या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवट राहिला होता. तो मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला आणि 1938 मध्ये ग्रंथ निघाला. उपवासकाळात आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर त्यातला थोडा भाग मोठ्याने वाचतात. यंदा शेजारच्या काकूही ऐकायला येऊन बसतात. त्या वारकरी आहेत, आणि ओवीची चाल आमच्यापेक्षा त्यांनाच चांगली लागते, म्हणून वाचायला आता आम्ही त्यांनाच सांगतो.