उपग्रहाला पाणी दिसत नाही, तरीही...

मध्य प्रदेशातल्या बालाघाटजवळच्या भरवेली खाणीत मँगनीजसाठी माणसं शेकडो मीटर खाली उतरतात. बोअर कुठे मारायची, हे मात्र अनेक गावांत अजून पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ ठरवतो!

बालाघाट जिल्ह्यात पाऊस भरपूर, पण जमिनीखाली बहुतेक ठिकाणी नाइस, ग्रॅनाइट, शिस्ट असा कठीण खडक. पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. या भेगा शोधायला उपग्रह कामी येतो. त्याला जमिनीखालचं पाणी दिसत नाही, खुणा दिसतात: सरळ रेषेत धावणारा नाला, उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला झाडांचा पट्टा. अशा दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे आशा जास्त.

मग जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, थर चढतात. खडक, उतार, नाल्यांची दाटी, माती, पाऊस. उतार काढायला फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने रडारने केलेली उंचीची मोजणी आजही फुकट मिळते. प्रत्येक थराला वजन द्यायचं, त्यासाठी थॉमस साटी यांची जोड्या-जोड्यांनी तुलना करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. बेरीज झाली की वैनगंगेचं सपाट खोरं साधारणपणे सरस ठरतं, उभे डोंगरउतार मागे पडतात.

फसगतही होते. सरळ रेघ म्हणजे भेगच असं नाही, तो रस्ता किंवा कालवा असू शकतो. उन्हाळी धानाची हिरवळही कालव्याचीच असेल. म्हणून नकाशा घेऊन मे महिन्यात पाण्याची पातळी मोजायला गावच्या विहिरीत टेप सोडावाच लागतो.