विदर्भातील चैत्र-वैशाख : धूर, वादळ आणि अंदाजाची भाषा

‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण मार्च ते मे या काळात अनेकदा वाचता. यातील ‘तुरळक’ हा शब्द पारिभाषिक आहे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत त्याचा अर्थ विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. आपल्या गावी ऊन पडले म्हणून अंदाज चुकला, असे म्हणता येत नाही. गहू कापून ठेवलेल्या शेतकऱ्याला या टक्केवारीने दिलासा मिळत नाही, हेही खरे; त्याने गंजी झाकावीच.

याच काळात मेळघाट व गडचिरोलीच्या जंगलांत वणवे लागतात. मोहफुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही. (सारा दोष वेचणाऱ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे, त्यांची मिळकत या थोड्या आठवड्यांचीच.) रात्री जमिनीलगतची हवा थंड होते व वर उबदार हवेचे झाकण बसते. म्हणून धूर पहाटे दरीत साचतो आणि दुपारी जमीन तापल्यावर वर जाऊन विरळ होतो. दम्याच्या रुग्णांनी अशा दिवसांत पहाटेचे फिरणे टाळावे.

वादळ आले की आग विझेल, ही समजूत धोक्याची आहे. उंच वाढलेल्या ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब वाटेतच आटतात. त्यामुळे हवा थंड व जड होऊन वेगाने जमिनीवर आदळते. हा वारा सरी पोहोचण्यापूर्वीच वणवा पसरवू शकतो. अंदाज वाचताना पावसाइतकेच वाऱ्याच्या वेगाच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे.