खोट्या डोंगरांची खरी गाडी

खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानातली ‘गोल्ड रश एक्स्प्रेस’ ही रोलरकोस्टर सोन्याच्या खाणीची कल्पना घेऊन धावते. तिचं मूळ खऱ्याखुऱ्या खाणीत आहे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक इथं डोंगरावरून कोळसा उतरवणाऱ्या गाड्या पुढे हौशी प्रवाशांना फिरवू लागल्या. त्यावरूनच लामार्कस थॉम्पसन या अमेरिकी उद्योजकाला सुचलं आणि १८८४ मध्ये कोनी आयलंडला त्याची उतारगाडी धावली.

खरी कलाटणी १९५९ ची. डिस्नेलँडमध्ये रोलरकोस्टरसाठी १४७ फुटी कृत्रिम मॅटरहॉर्न उभा राहिला, मूळ स्विस शिखराच्या साधारण शंभरावा हिस्सा. ॲरो कंपनीने त्यात लाकडी सांगाड्यावरच्या पट्ट्यांऐवजी पोकळ पोलादी नळ्यांचे रूळ वापरले. नळी हवी तशी वाकवता येते, त्यामुळे अरुंद जागेतही घट्ट वळणं बसली. बाहेरच्या खडकाचं काम निव्वळ शोभेचं नाही. तो आतले खांब झाकतो आणि पुढचं वळणही, म्हणून पोटात गोळा येतो. १९६६ मध्ये टेक्सासात ॲरोचीच खाणगाडी आली. डिस्नेलँडच्याच १९७९ च्या बिग थंडर माउंटन या खाणगाडीसाठी डिझायनर टोनी बॅक्स्टरच्या चमूने ब्राइस कॅन्यनचे सुळके समोर ठेवले.

इमॅजिका आहे त्या रायगडात मात्र खरा सह्याद्री पाठीशी उभा आहे. नेरळहून माथेरान चढणारी छोटी गाडी १९०७ पासून याच जिल्ह्यात नागमोडी वळणं घेते आहे. इथल्या पुढच्या राइडचा खडक काळा, कोकणकड्यासारखा सरळ तुटलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.